दोनदा नको

मिनियापोलिस
१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय मारेन,

कशी आहेस? मी बरी. डॅड बरा. इथली पानं गळून झाली, आता फक्त गोळा करायची राहिलीत. डॅड आपली संपवून शेजाऱ्यांची गोळा करतोय. त्यांनी सांगितलेलं नाही.

पत्र बघून घाबरू नकोस, काही झालेलं नाही. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून कागद.

आमचं गुरुवारचं चालू आहे. दर गुरुवारी मी आणि डॅड, एक नवीन रेस्टॉरंट. हो, डॅड! ज्याच्या मते बाहेर जेवायचं म्हणजे चर्चच्या तळघरातला शुक्रवारचा तळलेला मासा, तो. मला हे सगळं किती आवडतं तुला माहितीये. कुठे नवीन जागा उघडतेय, कोणता शेफ कुणाशी भांडून कुठे गेला, हे मला लोकांना हॉकीचे स्कोर पाठ असतात तसं पाठ असतं. आणि आता हक्काचा जोडीदार मिळालाय, तोही तक्रार न करणारा. तक्रार न करणं ही आपल्याकडे काय चीज आहे, ते तू विसरली नसशीलच.

या गुरुवारी नॉर्थ लूपला गेलो. पूर्वी तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं गोदाम होतं, आता 'थिंबल अँड ॲश' आहे. हल्ली नावं अशीच असतात. दोन वस्तू घ्यायच्या आणि मध्ये 'अँड' टाकायचा. डॅड म्हणाला, मग आपलं गॅरेज म्हणजे 'फावडं अँड मीठ'.

वेटर मुलगी आली. म्हणाली, "आज आमच्याकडे राखेत भाजलेली गाजरं आहेत."

"राख म्हणजे कसली राख?" डॅड.

"खरीच राख, सर. बर्चच्या लाकडाची."

"अगं मग आधी सांगायचं! माझ्या शेगडीखाली बादलीभर पडलीय, येताना आणली असती."

ती इतकी हसली की पेन खाली पडलं. गाजरं आली. तीन गाजरं, एवढ्या मोठ्या काळ्या ताटात, पार्किंगमध्ये तीनच गाड्या उभ्या असाव्यात तशी. डॅडने सगळी खाल्ली. मी विचारलं, कशी आहेत? त्याने बराच वेळ चावलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "वेगळंच आहे."

याचा अर्थ तुला सांगायला नको. मॉम माझ्या पहिल्या बॉयफ्रेंडबद्दल हेच म्हणाली होती.

आम्ही नेहमी उघड्या किचनसमोरच्या उंच खुर्च्यांवर बसतो. तिथून सगळं दिसतं. चिमट्याने एकेक पान ठेवणारी पोरं, ज्वाळा, ओरडाआरडा. डॅडला तिथेच बरं वाटतं. मग वॉलआय माशाचे छोटे वडे आले आणि शेवटचा एक उरला. आता बघ. मी म्हटलं, तू घे. "नको नको, तू घे." परत म्हटलं. "नको गं, माझं पोट भरलंय." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा, "बरं, टाकून द्यायचा त्यापेक्षा..." आणि गट्टम. मॉम असती तर मधेच तिने त्या वड्याचे दोन तुकडे केले असते, मग त्यातल्या एकाचे आणखी दोन, आणि सगळं परत पहिल्यापासून.

निघायच्या आधीची एक गंमत. त्याचा चांगला कोट काढायला मी हॉलमधलं कपाट उघडायला गेले, तर हा दाराला पाठ लावून उभा. "मी काढतो ना. तू जा, गाडी गरम कर." काय लपवलंय कोण जाणे. बहुतेक कँडी.

बरं, एक विचारायचं होतं. १४ नोव्हेंबरला डॅडचा वाढदिवस. 'मॉस अँड केटल'मध्ये टेबल घेतलंय, तिथे महिनाभर आधी घ्यावं लागतं. तिघांचं घेतलंय. दोघांचं शिल्लक नव्हतं. म्हणजे होतं. तिघांचं घेतलंय.

येशील? काम असेल तर राहू दे, सहज विचारलं.

चला तर मग, असं म्हणून मी गुडघ्यावर थाप मारली आहे असं समज, आणि आता अर्धा तास दारात उभी राहून बोलत राहणार. तुझ्याकडे अजून पाऊसच आहे का? ती तुझी कॉटवाली लहान खोली, तिचं काय केलंस? बरं, खरंच निघते.

तुझी
सिग्ने

*

मिनियापोलिस
१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मारेन,

तुझं कार्ड मिळालं. फेरी बोटीचं चित्र छान आहे. "मला जमणार नाही, तुम्ही दोघं मजा करा." ते मी फ्रिजवर लावलं नाही. डॅडला दाखवलं. तो म्हणाला, "बोट छान आहे."

मजा केली की नाही ते सांगते. पण त्याआधी दुसरं एक सांगते, जे गेल्या पत्रात सांगितलं नाही, कारण ते गेलं असतं तक्रारीत.

डॅड घरी जेवत नाही.

मला कळायला पार जून उजाडला. मॉम गेल्यावर चर्चच्या सगळ्या बायकांनी वर बटाटे रचून भाजलेल्या हॉटडिश आणून दिल्या, आठवतंय ना, तू होतीस तोवर फ्रिज भरला होता. त्या नंतरही येतच राहिल्या. आणि डॅड प्रत्येकीचं भांडं घासूनपुसून, तळाला चिकटपट्टीवर नाव असतं ना ते नीट दिसेल असं, परत नेऊन देत होता. सगळ्या खूश. डॅडचं नाव घेऊन म्हणायच्या, लॉइड छान जेवतोय! मला एकदा त्याच्या कचऱ्याच्या डब्यात अख्खी हॉटडिश दिसली. वरचे बटाटे एका ओळीत, जसेच्या तसे. एक चमचासुद्धा काढला नव्हता.

मी करून वाढलं तर म्हणतो, "मी दुपारीच जेवलोय." मॉमच्या खुर्चीकडे बघतो आणि ताट सरकवतो. पँट पट्ट्याने धरून ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, बाकी काही नाही, फक्त खायला लावा. फक्त!

एकदा माझ्याच हट्टापायी त्याला एका नवीन जागी घेऊन गेले. किचनसमोर जागा मिळाली. पलीकडे एक तरुण कुक होता, हातावर टॅटू, त्याने ताट ठेवलं आणि डॅडकडे बघून मान हलवली. डॅड माझ्या कानात म्हणाला, "त्याने बघितलं माझ्याकडे. आता संपवायला हवं." आणि संपवलं. फुलकोबीचं काहीतरी होतं. पाव फिरवून ताट पुसून काढलं.

तर गुरुवारचं हे असं आहे, मारेन. डॅड सभ्यपणामुळे जेवतो. ज्याने रांधलं तो समोर उभा असेल तर त्याला टाकवत नाही. मी जागा शोधते ते फक्त उघडं किचन बघून. मेनू बघत नाही. हल्ली गुरुवारच नाही, मंगळवारही असतो, कधी शनिवारही. ऑफिस सुटलं की रिचफिल्डला डॅडच्या घरी जायचं, त्याला घ्यायचं, परत शहरात यायचं, बसायचं, हसायचं, हे काय ते काय विचारायचं, परत सोडायचं. मी फोटो काढणं कधीच बंद केलंय. परवा समोर चक्क बदकाची तंगडी होती, कसली सुंदर, कुरकुरीत, आणि मी मोजत होते की डॅडचे घास किती झाले. माझं तसंच राहिलं. ज्या गोष्टीवर माझा इतका जीव होता ना, तिच्यासमोर बसून मला झोप येते.

दमलेय गं. एवढंच. रडगाणं नाही.

आता वाढदिवस.

'मॉस अँड केटल' सुंदर आहे. भिंतीवर खरं शेवाळ. डॅडने हात लावून बघितला आणि म्हणाला, "असं आपल्या छपरावर आलं तेव्हा मी दोन दिवस खरवडत होतो." तिसऱ्या खुर्चीवर त्याने आपली टोपी ठेवली. वेटर छान होता, हसरा, नुकताच कॅलिफोर्नियातून आलेला. थंडीबद्दल विचारत होता, आणि डॅडने त्याला रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीवर घालवलेली अख्खी नोकरी सांगितली. कुठला पूल आधी गोठतो, कुठल्या गल्लीत लोक गाड्या हलवत नाहीत. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

शेवटी तो म्हणाला, "काही गोड घेणार? आज रूबार्ब पाय आहे, गवताच्या आइस्क्रीमबरोबर."

रूबार्ब! त्या आंबट देठांचा मॉम भाजायची तो पाय. डॅडचे डोळे मला दिसले.

"नको नको," डॅड म्हणाला. "पोट गच्च भरलंय."

"नक्की ना, सर? आज तुमचा वाढदिवस आहे."

"नक्की, नक्की. उगाच तुला त्रास."

"ठीक आहे, सर!" आणि हसून गेलाही. बिल घेऊन आला.

डॅड तसाच बसला होता. चमचा हातात. बाकी सगळं उचलून नेलं होतं, तो चमचा त्याने धरून ठेवला होता.

मग हळूच म्हणाला, "हा इथला नाही."

मी म्हटलं, "कॅलिफोर्नियाचा आहे, मघाशी सांगितलं ना त्याने. थांब, मी बोलावते."

"राहू दे. चांगला मुलगा आहे. त्याची चूक नाही. त्यांच्याकडे दोनदाच विचारतात." चमचा रुमालावर ठेवला. नीट सरळ केला. "आपली मारेनपण आता तिकडचीच झाली."

मला आधी कळलंच नाही. गाडीत कळलं. सिग्नल हिरवा झाला तरी मी उभी, मागचा हॉर्नसुद्धा वाजवेना, इथलाच असणार.

मार्चमधलं तुला आठवतंय का? मॉमच्या अंत्यविधीनंतर, आपलं किचन, तू भांडी पुसत होतीस. तू म्हणालीस, "डॅड, माझ्याकडे सिअॅटलला चल. खोली तयार आहे." तो म्हणाला, "नको, मी उगाच अडचण." तू परत म्हणालीस. तो म्हणाला, "नको गं, तुझं घर लहान." आणि तू टॉवेल टेबलावर टाकलास आणि मला म्हणालीस, याला मी नकोच आहे. दुसऱ्या दिवशी विमान. त्यानंतर आजपर्यंत अंगठे.

मी पण तिथेच उभी होते. मलाही त्याचं 'नको' खरंच वाटलं. आपण दोघी इथल्याच ना? पण तू इतकी वर्षं तिकडे राहिलीस, तिकडे नको म्हणजे नकोच समजतात म्हणे. आणि माझं... मला मनातून बहुतेक 'नको'च ऐकायचं होतं. तो इथेच राहायला हवा होता.

थँक्सगिव्हिंगला ये ना. टर्की मी करेन. कोरडी होईल. डॅड म्हणेल वेगळीच आहे. तू समोर बसलीस तर तो जेवेल. आणि मग जेवता जेवता त्याला विचार. काय ते तुला माहितीये.

येणारेस?

तुझी
सिग्ने

ता.क. तो रूबार्बचा पाय मी मागवला शेवटी. डॅडला तीनदा विचारून. त्याने बशी चाटायची बाकी ठेवली. मी विचारलं, कसा होता? म्हणाला, "वाईट नव्हता." मारेन, हे तो मॉमच्या पायबद्दल म्हणायचा.

*

मिनियापोलिस
७ डिसेंबर, रविवार

मारेन,

यावेळी छोटं लिहिते, बाहेर फावडं वाट बघतंय. पहिला मोठा बर्फ पडलाय. डॅडचा फोन आला होता, पहाटेपासून खिडकीत उभा राहून नांगरवाल्यांना शिव्या घालतोय. कोपरा सोडला, पातं वर धरलंय, पोरं नुसती पळवतात. बराच खूश आहे.

थँक्सगिव्हिंग झालं. टर्की कोरडी झाली. त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, मी दुपारीच जेवलोय. दुपारच होती.

तुझा मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला. "नको सिग्ने. मी आले की उगाच अडचण होईल."

उगाच अडचण. मारेन, तुला ऐकू येतंय का? शब्दन् शब्द त्याचाच आहे! मी इतके दिवस समजत होते की तू तिकडची झालीस. कसली तिकडची! टॉवेल टाकून गेलीस ती रागाने नाही, तूही तिथे विमानतळावर बसून वाट बघत होतीस ना, की हा फोन करेल आणि म्हणेल, अगं थांब, येतो? आणि हा इथे चमचा धरून. दोघंही पुरते इथले. आणि मी मध्ये, गाजरं खात.

आता कपाटाचं सांगते. कँडी नव्हती.

काल त्याचे बर्फातले बूट काढायचे होते, तो आंघोळीला गेला होता, मी उघडलं. मागे मॉमची निळी बॅग उभी होती. भरलेली. उचलून बघितली, जड होती. मी ती उघडली नाही. उघडायची गरज नव्हती, कारण वर हँगरला एक रेनकोट होता. नवीन, हिरवा, टोपीवाला. बाहीला दुकानाचं लेबल तसंच.

मिनियापोलिसमध्ये थंडीच्या तोंडावर रेनकोट कोण घेतं? आयुष्यभर या माणसाने बर्फातला जाड पार्का सोडून काही घातलं नाही. पावसात तो नुसता भिजतो.

मी कपाट बंद केलं. तो बाहेर आला, केस ओले, माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. मी म्हटलं, "बूट सापडले नाहीत." तो म्हणाला, "गॅरेजमध्ये असतील." आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो आणि नसलेले बूट शोधत बसलो.

खरं सांगू, मला आधी राग आला. मी त्याला शहरभर फिरवलं, शेवाळ दाखवलं, राख खायला घातली, आणि हा कधीपासून तुझ्याकडचा पाऊस विकत घेऊन बसलाय. मग राग गेला. मग फक्त दमले. तो गेला तर गुरुवारी मी काय करणार? खरंच ठाऊक नाही. कदाचित त्या बदकाच्या तंगडीसमोर एकटी बसेन आणि सगळी मीच खाईन. मला परत भूक लागायला हवीय गं.

तू येऊ नकोस, काही हरकत नाही. विमानाचं राहू दे. फक्त फोन कर. दर रविवारी दुपारी तो खुर्चीत बसलेला असतो, फोन मांडीवर असतो, बघत नसल्यासारखा बघतो. त्याला विचार. मी विचार करत होते की इतक्या महिन्यांनी मोजणी पहिल्यापासून सुरू होते, की मार्चमधल्या दोनवरून पुढे जाते? माझ्या मते पुढे जाते. पण खात्री नाही. तेव्हा तो नको म्हणालाच, तर ठेवू नकोस फोन. परत विचार. मग परत.

आणि तुझ्याबद्दलही. वाढदिवसाला मी विचारलं, तू नाही म्हणालीस. थँक्सगिव्हिंगला विचारलं, नको म्हणालीस. मी रागावले नाहीये. आपल्याकडे त्या दोन्हीला काही अर्थ नसतो.

तिसऱ्यांदा विचारतेय,
सिग्ने